बोलोन्यात राहून पुण्याची नोकरी: आधी घड्याळ, मग घर, मग कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, घरून काम करायची कायमची मुभा, पत्नी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, घरात दोघंच. सुट्टीत चार दिवस इटलीतलं बोलोन्या पाहिलं, तिथल्या रस्त्याकडेच्या कमानींच्या प्रेमात पडलो आणि आता वर्षभर तिथल्या जुन्या भागात राहायचं मनात आहे, नोकरी मात्र पुण्याचीच. व्हिसा, कर, घर आणि इंटरनेटचं कसं जमवायचं? आणि शेवटी पत्नीचा एक प्रश्न: कुकर आणावा का?

मी २०१९ पासून इथे राहते. नवऱ्याला विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, त्याच्यामागून मी आले. माझं काम सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिण्याचं. ते पुण्याहून सामानाबरोबरच आलं आणि अजून पुण्याशीच बांधलेलं आहे. म्हणजे तुम्ही जे करू पाहताय ते मी रोज करते, फक्त माझ्या व्हिसाचा रस्ता वेगळा होता.

तुम्ही कागदपत्रांपासून सुरुवात केलीत, सगळेच करतात. कागद कंटाळवाणे असले तरी एकदा झाले की होतात. घड्याळ रोज छळतं, म्हणून मी तिथून सुरू करते.

इटली आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास सरकतात आणि पुण्यात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. त्या सोमवारी निदान एक मीटिंग चुकते, माझी दोनदा चुकली आहे. तुमचं ऑफिस दहाला सुरू होत असेल तर उन्हाळ्यात इथे साडेसहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेपाच. जानेवारीत सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे दोन सव्वादोन तास काम गर्द अंधारात. पण संध्याकाळी सातला पुण्याचं ऑफिस सुटतं तेव्हा हिवाळ्यात इथे दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि उरलेला अख्खा दिवस तुमचा. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे शहर दुपारी चार ते नऊ या वेळात सगळ्यात जास्त आवडतं, आणि पुण्याच्या नोकरीत नेमके तेच तास मोकळे मिळतात. टीममध्ये अमेरिकेचा क्लायंट असला तर मात्र हे गणित पार उलटतं. मग पहाटे पुणे, संध्याकाळी सिअ‍ॅटल आणि मधे झोप, असले लोक मी पाहिले आहेत. त्यांनी बोलोन्याऐवजी बाणेरला राहावं, भाडं तरी वाचेल.

सुट्ट्याही जुळत नाहीत. कॅलेंडरं शेजारी ठेवलीत तर नाताळ सोडून दोनच मोठे दिवस सामाईक निघतील: १ मे, तिकडे महाराष्ट्र दिन आणि इकडे कामगार दिन, आणि १५ ऑगस्ट, तिकडे स्वातंत्र्यदिन आणि इकडे फेर्रागोस्तो, म्हणजे अख्खी इटली समुद्रावर. ४ ऑक्टोबरला सान पेत्रोनिओचा, बोलोन्याच्या ग्रामदैवताचा म्हणा ना, दिवस असतो. त्या दिवशी शहर मजेत असतं आणि तुम्ही ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये.

घड्याळांचा विषय निघालाय तर एक सांगून ठेवते. स्टेशनवर उतरल्यावर पश्चिमेकडच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ दिसेल, कायम दहा पंचवीस दाखवणारं. मी पहिल्या दिवशी त्यावर विश्वास ठेवून घाईघाईने बसमध्ये बसले होते. ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी दहा पंचवीसला इथल्या प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. तो क्षण घड्याळावर तसाच ठेवला आहे. दरवर्षी २ ऑगस्टला लोक जमतात. तुम्ही इथे असाल तर जा, आणि त्या वेळेची मीटिंग पुढे ढकला.

आता घर.

जुन्या बोलोन्यात घर म्हणजे बहुतेक वेळा दोन फूट जाडीच्या विटांच्या भिंती, छताला लाकडी तुळया, खाली लाल फरशी आणि लिफ्ट नाही. जाहिरातीत ‘दुसरा मजला’ लिहिलं असेल तर स्वतः जिने मोजा. तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये ‘अम्मेत्सातो’ नावाचा एक बुटका मजला असतो आणि तो गणतीत धरतीलच असं नाही. आमचा ‘दुसरा’ मजला म्हणजे ७४ पायऱ्या. हा आकडा मला पाठ का आहे, तर त्यामागे एक गोष्ट आहे.

इथल्या घरांना साधारणपणे तीन किलोवॉटचं वीज कनेक्शन असतं. त्यावर दहा टक्के सवलत, म्हणजे ३.३ किलोवॉटच्या पुढे गेलात आणि तिथेच रेंगाळलात की मीटर पुरवठा तोडतो. आपल्याकडे गीझर, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावताना कुणी विचार करत नाही. आमच्या पहिल्या हिवाळ्यात सकाळी सहाला मी क्लायंटला नवीन मॅन्युअल दाखवत होते. नवऱ्याने मागे कपडे धुवायला टाकले, ओव्हनमध्ये ब्रेड गरम करायला ठेवला, आणि बाथरूममधला विजेचा बॉयलर आपणहून चालू झाला. क्षणात काळोख. राउटर गेला, मी स्क्रीनवरून गेले. मीटर घरात नव्हता, तळमजल्यावर जिन्याखालच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली फ्रिजवर. मी शाल गुंडाळून मोबाइलच्या उजेडात ७४ पायऱ्या उतरले, खटका वर केला, ७४ पायऱ्या चढले. येऊन बघते तर नवऱ्याने ओव्हन बंद केलाच नव्हता. पुन्हा काळोख. त्या सकाळी मी २९६ पायऱ्या केल्या.

तेव्हा घर बघायला जाल तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या मनोऱ्याआधी मीटर कुठे आहे ते विचारा. कनेक्शन साडेचार किलोवॉटचं करून घेता येतं, बिल थोडं वाढतं, पण घरून काम करणाऱ्याला ते परवडतं. राउटरला छोटा यूपीएस लावा. इथे वीज सहसा जात नाही, तुम्हीच घालवता.

इंटरनेटचा प्रश्न ‘वेग किती’ असा विचारू नका. फायबर घरापर्यंत येतं की रस्त्यावरच्या पेटीपर्यंत, हे विचारा. पेटीपासून पुढे जुनी तांब्याची तार असेल तर जाहिरातीतला आकडा निम्मासुद्धा हाती लागत नाही. इथे कंपन्यांना जाहिरातीत रंगीत खूण लावावी लागते: हिरवी म्हणजे फायबर घरात, पिवळी म्हणजे अर्धं फायबर आणि अर्धी तांब्याची तार, लाल म्हणजे फायबर नाहीच. हिरवीच बघा, आणि तीही शहराची नाही तर त्या घराच्या नंबराची. आमच्या बोळात समोरच्या घराला फायबर होतं, आम्हाला नव्हतं. मधे दहा पावलांचा रस्ता. दुसरी गोष्ट वायफायची. या जाड भिंतींतून वायफाय पलीकडच्या खोलीत जाता जाता दम तोडतं. भोक पाडू का म्हणून विचारलं तर मालक असा चेहरा करतो की जणू देवळाच्या खांबाला खिळा ठोकायची परवानगी मागितली. आम्ही वीस मीटरची लॅन केबल फरशीच्या कडेकडेने फिरवली आणि दाराखालून आत घेतली. दिसायला वाईट दिसतं, चालतं मात्र उत्तम.

थंडीचं सांगायचं तर पुण्याच्या माणसाला आधी पटतच नाही की घरातली ऊब कायद्याने ठरते. बोलोन्या ज्या हवामान विभागात येतं तिथे हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालवता येतं, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास आणि तेही पहाटे पाच ते रात्री अकरा या वेळात. इमारतीचं सामाईक हीटिंग असेल तर तुमच्या हातात फक्त रेडिएटरचा नळ. वेळ सोसायटी ठरवते, आणि सोसायटीतले बाकीचे लोक साडेपाचला कामाला बसत नाहीत. आमच्याकडे सहाला सुरू होतं, पाइप तापायला सात वाजतात. तोवर सोलापुरी चादर. म्हणून ‘आउतोनोमो’, म्हणजे स्वतःचा बॉयलर असलेलं घर मिळालं तर पन्नास युरो जास्त मोजा, माझं ऐका.

उन्हाळा याहून कठीण. हे शहर पो नदीच्या सपाट खोऱ्याच्या काठाशी आहे, वारा नाही, दमट हवा, जुलैत पारा पस्तिशीच्या पुढे सहज जातो. जुन्या भागात दर्शनी भिंतीला एसीचा बाहेरचा डबा टांगायला सहसा परवानगी मिळत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत एसी नाहीच. इथले लोक सकाळी नऊच्या आत लाकडी झडपा बंद करतात आणि सूर्य कलल्यावर उघडतात. तुम्हालाही भरदुपारी दिवा लावून काम करावं लागेल. जाळ्या नसतील तर पहिल्याच आठवड्यात लावून घ्या, टायगर डास दिवसाही चावतो. तिसरी गोष्ट हवेची. हिवाळ्यात या खोऱ्यात धूर आणि धुकं साचून राहतं आणि युरोपातल्या सर्वात खराब हवेत या पट्ट्याची गणना होते. दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

कुठल्या भागात राहावं? रात्री झोप हवी असेल तर पियात्सा वेर्दी आणि व्हिया पेत्रोनीच्या आसपास नको. परंपरेने १०८८ पासून चालत आलेलं विद्यापीठ, त्याची सगळी मुलं रात्री दोन वाजेपर्यंत तिथेच असतात आणि तुम्हाला पाचला उठायचंय. व्हिया देल प्रातेल्लोचंही तेच. सान्तो स्तेफानो आणि सारागोत्साच्या बाजूला शांत आहे, महागही. स्टेशनच्या मागचा बोलोनीना हा ऐतिहासिक भाग नव्हे, पण बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानं तिकडे भरपूर, पोहे, हिंग, कोथिंबीर सगळं मिळतं. मध्यवस्तीत एका बेडरूमचं बरं घर महिना हजार युरोच्या खाली मिळालं तर मला कळवा, मीच जाईन. शहराच्या पश्चिमेला तळघर किंवा अर्धं तळघर स्वस्तात मिळत असेल तर थांबा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रावोने नावाचा ओढा, जो तिथे रस्त्यांखालून झाकून नेलाय, एका रात्रीत उसळून वर आला आणि रस्त्यावरच्या गाड्या वाहत गेल्या. तसंच दोन मनोऱ्यांच्या पायथ्याशी घर घेण्याआधी जाऊन बघा. गारिसेंदा हा बुटका, जास्त कललेला, ४८ मीटरचा मनोरा ऑक्टोबर २०२३ पासून धोक्यामुळे बंदिस्त केलाय, त्यामुळे बसचे मार्गही बदलले. फोटोत तो छान दिसतो. रोज वळसा घालताना वेगळा वाटतो.

ज्या कमानींच्या प्रेमात पडलात त्यांच्याबद्दल थोडं. आपल्याकडची पडवी आठवा. इथे बाराव्या-तेराव्या शतकात विद्यार्थी आणि कारागीर इतके आले की लोकांनी माडी रस्त्यावर पुढे काढली आणि तिला खालून खांब दिले. १२८८ मध्ये शहराने नियमच केला की नव्या घराला पडवी हवीच, आणि घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल इतकी उंच. गंमत अशी की जागा घरमालकाची, डागडुजी त्याची, पण वाट सगळ्यांची. मिळून ६२ किलोमीटर भरतात, त्यांतल्या निवडक २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की पावसात तुम्ही छत्रीशिवाय फिरता. सारी दुपार घरात बसून डोकं आंबलं की मी पोर्ता सारागोत्सापासून सान लुकाच्या टेकडीपर्यंत जाते. पावणेचार किलोमीटर सलग पडवी, ६६६ कमानी, शेवटी चांगलाच चढ. निम्म्या वाटेवरून परत आले तरी चालतं.

घराबाहेर बसून काम करायचं म्हणत असाल तर ‘कॅफेत लॅपटॉप’ हे चित्र पुसून टाका. इथला बार म्हणजे उभ्याने कॉफी प्यायची, दीड युरोच्या आत, तीन मिनिटांत, आणि बाहेर. एका कापुचिनोवर दोन तास टेबल अडवलंत तर कुणी बोलणार नाही, पण उद्या ‘बुओनज्योर्नो’ जरा थंड येईल. मुख्य चौकालगतची सालाबोर्सा लायब्ररी सुंदर आहे. पूर्वीचा शेअरबाजार, काचेच्या फरशीखाली रोमन काळातले अवशेष. वाचायला, लिहायला जा. कॉल घेता येत नाही, आणि तुमच्या कामात कॉल किती असतात ते तुम्हाला माहीत. मीटिंगवाल्या कामाला घरात एक बंद होणारं दार लागतं, नाहीतर महिन्याच्या भाड्याचं कोवर्किंग टेबल. एकाच खोलीच्या ‘मोनोलोकाले’मध्ये एक चित्रकार आणि एक मीटिंग करणारा इंजिनिअर, हे लग्नाला मानवत नाही.

आता कागद. भराभर सांगते.

टुरिस्ट व्हिसावर येऊन गुपचूप काम करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. नका करू. शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या सामाईक टुरिस्ट व्हिसाचे ९० दिवस फिरण्यासाठी असतात. इटलीने डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे दुसऱ्या देशातलं काम इथे बसून करणाऱ्यांचा व्हिसा, २०२२ च्या कायद्यात आणला आणि त्याचे नियम एप्रिल २०२४ मध्ये लागू झाले. उच्च कौशल्याचं काम हवं, म्हणजे पदवी किंवा पुरेसा अनुभव. निदान सहा महिने दूरस्थ काम केल्याचा पुरावा. वर्षाला किमान साधारण २५ हजार युरो उत्पन्न. नेमका आकडा अर्ज करता त्या वकिलातीच्या यादीत बघा. राहण्याच्या काळाचा आरोग्यविमा आणि राहायची जागा. पदवीचं एपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, आणि इटलीत मान्य होईल असं मूल्यांकन यांना वेळ लागतो, ते सगळ्यात आधी सुरू करा. नोकरदाराला आणखी एक कागद लागतो: बेकायदा स्थलांतराशी निगडित गुन्ह्यांत गेल्या पाच वर्षांत आपल्याला शिक्षा झालेली नाही, असं मालकाने सहीनिशी लिहून द्यायचं. हे पत्र पुण्याच्या एचआरच्या टेबलावर गेलं की एचआर लीगलकडे पाठवतं आणि लीगल सुट्टीवर जातं. बॅगा आवरायच्या आधी ते मिळवा. जोडीदाराला कुटुंब म्हणून आणता येतं.

खरी अडचण घराच्या पुराव्याची. व्हिसासाठी घर हवं, आणि घरमालक व्हिसा नसलेल्या, इटालियन पगारपत्रक नसलेल्या परक्याला घर देत नाही. आमच्या वेळी एका एजन्सीने घर न दाखवताच तीन महिन्यांची अनामत पाठवायला सांगितली होती आणि नंतर मालकाचा विचार बदलला म्हणून कळवलं; पैसे परत यायला पाच महिने लागले. म्हणून घर न पाहता पैसे पाठवू नका, भले समोरचा कितीही गोड बोलो. ‘कोदिचे फिस्काले’, म्हणजे इथला पॅन नंबर म्हणा, वकिलातीतूनही मिळतो. तो आधी घ्या, त्याशिवाय कुठलाच करार होत नाही. वर्षभरासाठी ‘त्रान्सितोरिओ’ करार मागा, एक ते अठरा महिन्यांचा. त्यात तात्पुरतं का राहताय याचं कारण लिहावं लागतं, कंपनीचं पत्र तिथे उपयोगी पडतं. नेहमीचा चार अधिक चार वर्षांचा करार तुमच्या कामाचा नाही. करार तीस दिवसांत नोंदवला गेला पाहिजे. ‘नोंदणी न करता थोडं कमी भाडं’ असं कुणी म्हणालं तर उठून या, तो कागद परवान्यासाठी शून्य. आल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. परवाना प्रत्यक्ष हातात यायला महिने लागतात, तोवर अर्जाची पावती जपून ठेवा, पासपोर्टसारखी.

कर हा भाग लोक सगळ्यात हलका धरतात आणि तोच सगळ्यात जड जातो. इटलीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. वर्षाचा मोठा भाग, ढोबळमानाने १८३ दिवसांहून जास्त, इथे काढलात की इथले कर-निवासी होता. २०२४ पासून दिवसाचा तुकडासुद्धा दिवस म्हणून मोजतात. आयकराचे टप्पे २३ टक्क्यांपासून ४३ टक्क्यांपर्यंत जातात. ‘पगार पुण्यात जमा होतो, मग इटलीचा काय संबंध’ हा तर्क चालत नाही. काम ज्या खुर्चीत बसून केलं ती खुर्ची कुठे होती, हे बघतात. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तोच पैसा दोनदा कापला जाऊ नये अशी सोय आहे, पण ती सोय अर्ज करून मिळवावी लागते, आपोआप होत नाही. तुमच्या कंपनीलाही इथल्या सामाजिक विम्याचं आणि इथे आपलं कार्यालय असल्यासारखं तर धरलं जाणार नाही ना, याचं उत्तर हवं असतं. बऱ्याच कंपन्या याच वळणावर ‘नको’ म्हणतात.

माझा रस्ता सांगते. नोकरी सोडून मी त्याच कंपनीची फ्रीलान्सर झाले आणि ‘पार्तीता इवा’, म्हणजे स्वतंत्र व्यवसायाचा इथला कर-नोंदणी क्रमांक घेतला. ८५ हजार युरोंपर्यंतच्या उलाढालीला ‘फोर्फेत्तारिओ’ नावाची सोपी पद्धत आहे. माझ्या प्रकारच्या कामात १०० युरो मिळाले तर ७८ करपात्र धरतात, खर्चाची बिलं दाखवायची गरज नाही. त्यावर साधारण २६ टक्के पेन्शनचा हप्ता, म्हणजे वीसेक युरो. राहिलेल्या अठ्ठावन्नवर नवीन व्यवसायाला पहिली पाच वर्षं ५ टक्के, नंतर १५ टक्के कर. म्हणजे शंभरातले २३ ते २९ जातात. पण त्या ५ टक्क्यांत एक मेख आहे. जुन्याच मालकाचं जुनंच काम नव्या नावाने करताय असं दिसलं तर ती सवलत मिळत नाही, आणि मला ती मिळाली नाही. मुख्य काम गेल्या दोन वर्षांतल्या मालकाचंच असेल तर ही सोपी पद्धतच नाकारली जाऊ शकते. त्यामुळे आधी इथला ‘कोमेर्चालिस्ता’, म्हणजे कर-सल्लागार, आणि पुण्याचा सीए या दोघांना एका कॉलवर आणा. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नाही, तुम्ही मधे बसा. त्या तासाचे पैसे वसूल होतात.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही, यूट्यूबवर ढीग आहे. फक्त शाकाहारी असाल तर दोन गोष्टी: तोर्तेल्लीनीत डुकराचं मांस असतंच, पालक आणि रिकोत्ताचे तोर्तेल्लोनी मागा, आणि पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, कडक शाकाहाऱ्याला चालत नाही. बेसन ‘फारीना दी चेची’ नावाने साध्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, पिठलं अडत नाही.

आणि शेजारी. भाषा येत नसली तरी चालेल, जिन्यात ‘बुओनज्योर्नो’ चुकवू नका. इथे ‘उमारेल’ नावाची एक जमात आहे. बोलोन्याच्या बोलीतला शब्द, अर्थ असा की निवृत्त आजोबा, हात पाठीमागे बांधून खोदकाम बघत उभे आणि कामगारांना सूचना देत. सदाशिव पेठेत जेसीबीभोवती उभे असतात तेच. २०२३ पासून इथे ट्रामसाठी रस्ते खणायला घेतले, तेव्हा त्यांची चंगळ झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक त्यातले. फायबर आमच्या घरापर्यंत का येत नाही, हे मला कंपनीने नव्हे, त्यांनी सांगितलं. रस्ता उकरला तेव्हा ते बघत होते, आमच्या दाराची पाइप चोंदलेली होती. मी तेच कंपनीला लिहिलं आणि पंधरा दिवसांत माणूस आला.

ठरवण्याआधी एकदा जानेवारीत या, दहा दिवस, निव्वळ सुट्टी घेऊन. भाड्याच्या खोलीत पहाटे पाचला उठा, अंधारात चहा करा, लॅपटॉप न उघडता नुसते टेबलाशी बसा. मग धुक्यात बाहेर पडून दूध आणा. तुमच्या त्या चार दिवसांत जे शहर दिसलं ते मे महिन्याचं असणार, असा माझा अंदाज आहे.

कुकर: आणा. पण घर ठरल्यावर. नव्याने दुरुस्त केलेल्या घरांत इंडक्शन असतं आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही, मग बुडाला स्टील असलेला घ्या. गॅस असेल तर सगळ्यात छोट्या बर्नरला जाळी लागते, नाहीतर कुकर कलंडतो. इथेही प्रेशर कुकर मिळतात, पण ते नुसते फुसफुसतात, शिट्टी देत नाहीत. आम्ही पहिल्यांदा वरण लावलं तेव्हा तिसऱ्या शिट्टीला समोरच्या सिन्योरा दार वाजवत आल्या, गॅसचा मुख्य नळ कुठे आहे ते विचारत. आता त्यांना सवय झालीये. गेल्या महिन्यात मी आजारी होते, दोन दिवस शिट्टी झाली नाही, तर सूप घेऊन आल्या.